रझाकार आणि मुसलमान

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळाशाळांतून झेंडावंदन होते. मुले रांगेत उभी राहतात, हुतात्म्यांची नावे घेतली जातात आणि मग गुरुजी चार शब्द सांगतात. त्या चार शब्दांत 'रझाकार' हा शब्द येतोच. आता समजा, वर्गात गेल्यावर एखादे चुणचुणीत पोर उठून म्हणाले, "गुरुजी, रझाकार म्हणजे मुसलमानच ना?" तर तुम्ही काय सांगाल? आणि त्याच वर्गात मागच्या बाकावर एखादा शेख, एखादा पठाण बसलेला असला, तर तो त्या वेळी कुठे पाहत असेल?

हा प्रश्न पोरासोरांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. १९४८ साली चांगल्या जाणत्या माणसांपुढे तो उभा होता, आणि बऱ्याच गावांत त्याचे उत्तर चुकले. ते चुकले म्हणून काय काय झाले, ते आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम शब्दच घेऊ. 'रझाकार' म्हणजे स्वयंसेवक. आपखुशीने सेवेला पुढे आलेला माणूस. शब्द तसा भला आहे. पण आपल्याकडे जुन्या माणसांपुढे तो काढून पाहा, चेहरा बदलतो. लूट, जाळपोळ, बायाबापड्यांच्या अब्रूवर घाला, असा त्याचा अर्थ आपल्या बोलीत बसला, आणि तो उगाच बसलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून रझाकारांचा जुलूम झाकायचा माझा विचार आहे, असे कोणी समजू नये.

हैदराबाद संस्थान म्हणजे केवढा मुलूख! सुमारे ८२ हजार चौरस मैल, आणि वस्ती दीड कोटीच्या वर. तेलंगण, कानडी भाग आणि आपला मराठवाडा मिळून सोळा जिल्हे. त्यांत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. सोलापूरकडची माणसे या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. गादीवर सातवे निजाम मीर उस्मान अली खान होते. शंभरातली पंच्याऐंशी माणसे हिंदू. पण दरबारातल्या आणि फौजेतल्या मोठ्या जागा बहुतेक मुसलमान सरदार-अधिकाऱ्यांच्या हाती. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या वर्गांची भाषाही उर्दू. सभा घ्यायची तर परवानगी, संस्था काढायची तर परवानगी. हे सारे खरे आहे आणि त्याविरुद्ध लोक उठले ते योग्यच झाले.

पण निजामाचे राज्य आणि इस्लाम एकच, असे जर कोणी म्हणू लागले तर त्याला खुलताबादला घेऊन जावे. निजामाच्या घराण्याची गादी १७२४ सालची. खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ साली वारले. म्हणजे निजामाचा मूळपुरुष दख्खनेत सत्ताधीश होण्याच्या आधी जवळजवळ चारशे वर्षे इस्लाम या मातीत राहत होता. परभणीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. तिथे नवस फेडायला येणाऱ्यांची जात कोणी विचारत नाही. मोहरमात सवाऱ्या निघाल्या की गावातली हिंदू माणसेही त्यांत असत. गावचा मुलाणी, पिंजारी, तांबोळी, मणेर, मोमीन विणकर ही सगळी मुसलमान माणसे. घरची बोली निराळी असली तरी बाजारात, शिवारात ती मराठीच बोलत. निजाम जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई, पण या पिंजाऱ्याच्या घरी त्यातली कवडी कधी आली नाही. कापूस पिंजून पोट भरायचे, हाच त्याचा दरबार.

ही दोन्ही टोके आपल्या पुढाऱ्यांना ठाऊक होती. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ती जातीय संस्था आहे, असा ठपका ठेवला. कार्यकर्त्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह संस्थानात चालू होता. त्यांच्या तक्रारी काही खोट्या नव्हत्या. पण त्यांचे मागणे धर्माच्या नावाने होते आणि स्टेट काँग्रेसचे मागणे जबाबदार राज्यपद्धतीचे होते. लोकांच्या नजरेत दोन्ही एकच होऊ लागले, आणि सरकारलाही ते एकच दाखवायचे होते. तेव्हा गांधीजींचा सल्ला आला, आणि डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने आपला ऐन भरात आलेला सत्याग्रह मागे घेतला. कल्पना करा, माणसे तुरुंगात आहेत, घरची माणसे वाट पाहत आहेत, आणि वरून निरोप येतो की थांबा. पुष्कळांना तो कडू लागला. माझ्या मते मात्र स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दहा वर्षे जो लढा चालविला, त्याची इभ्रत या थांबण्यात होती. आपले भांडण कोणाशी आहे आणि कोणाशी नाही, हे त्यांनी तुरुंगात बसून ठरवून टाकले. या चळवळीत सिराजुल हसन तिरमिझी यांच्यासारखे मुसलमान कार्यकर्तेही होते, ही गोष्ट आपल्या भाषणांतून सहसा येत नाही.

आता दुसरी बाजू. १९२७ साली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था निघाली. बहादूर यार जंग हे तिचे मोठे वक्ते. हैदराबादचा प्रत्येक मुसलमान हा राज्यसत्तेचा वाटेकरी, निजाम केवळ त्या सत्तेचे प्रतीक, असा विचार त्यांनी पसरविला. गंमत पाहा, ज्या पिंजाऱ्याच्या घरी दोन वेळची चूल नीट पेटत नाही त्याला कोणी सांगितले की तू राजा आहेस, तर त्याला ते गोड लागणारच. भुकेल्या माणसाला असा मोठेपणा फार स्वस्तात देता येतो. १९४४ साली बहादूर यार जंग वारले, आणि १९४६ मध्ये संस्थेची सूत्रे गेली कासीम रझवीकडे. हा आपल्या लातूरचा वकील. त्याने रझाकारांची फौज वाढविली, हाती हत्यारे दिली, आणि दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामाचा झेंडा लावण्याच्या गोष्टी बोलू लागला.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, निजाम मात्र वेगळा राहिला. २९ नोव्हेंबरला भारत सरकारशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. पण करार कागदावर आणि रझाकार रस्त्यावर, अशी गत झाली. गावांवर खंडणी बसली. दिली तर दिली, नाही तर धाड. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून तर त्याच्या आधीच, १९४६ साली, झाला होता. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी रझाकारांनी शेकड्यांनी माणसे मारली. घरेदारे सोडून लोक सरहद्दीपलीकडे सोलापूर, बार्शीकडे धावले. ज्यांनी हे सोसले त्यांच्या घरी आजही त्या आठवणी आहेत, आणि त्या आठवणींचा मान राखलाच पाहिजे.

मग या जुलमाविरुद्ध मुसलमान कोणी उठला का, असे विचारतात. उठला. आणि त्याची हकीगत मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ती प्रत्येक शाळेत सांगितली जावी अशी माझी इच्छा आहे.

शोएबुल्ला खान हा वारंगळ जिल्ह्यातला, १९२० सालचा जन्म. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतली. घरचे नाव चांगले. सरकारी नोकरी मागितली असती तर मिळाली असती. त्याने वर्तमानपत्राची वाट धरली. आधी 'तेज' नावाच्या पत्रात लिहिले, ते सरकारने बंद पाडले. मग मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रय्यत' या उर्दू पत्रात काम केले. तेही बंद पाडण्यात आले. तेव्हा १९४७ च्या नोव्हेंबरात त्याने स्वतःचेच पत्र काढले. नाव 'इमरोज', म्हणजे 'आज'. पैसा तुटपुंजा, भोवती रझाकारांचे राज्य, आणि हा पठ्ठ्या उर्दूत, मुसलमान वाचकांना उद्देशून लिहितो आहे की रझाकारांची ही वाट आपल्याला खड्ड्यात नेणारी आहे, हैदराबादने भारतात सामील व्हावे. लक्षात घ्या, तो मराठीत किंवा तेलुगूत लिहीत नव्हता. ज्यांच्या नावाने रझवी बोलत होता, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच मोहल्ल्यांत तो हे सांगत होता. म्हणूनच तो रझवीला सर्वांत जास्त बोचला.

ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी एक पत्रक काढले. त्यांत मंझूर यार जंग, बाकर अली मिर्झा अशी प्रतिष्ठित माणसे होती. आपल्या नांदेड जिल्ह्यात महसूल खात्यात राहून रझाकारांचे प्रताप डोळ्यांनी पाहिलेले आणि नोकरीवर पाणी सोडलेले फरीद मिर्झाही होते. रझाकार संघटना मोडावी आणि भारतात सामील व्हावे, अशी त्यांची मागणी. शोएबुल्लाने ते पत्रक आपल्या अंकात छापले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २१ ऑगस्टच्या रात्री, कचेरीतले काम आटोपून मेव्हण्याबरोबर तो काचीगुड्याकडे घरी निघाला असता वाटेत त्याला गाठले. गोळ्या घातल्या, आणि ज्या हाताने तो लिहीत होता तो हात तोडला. मेव्हण्यालाही घायाळ केले. २२ तारखेला पहाटे शोएबुल्ला गेला. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते.

मेदक जिल्ह्यातला मखदूम मोहिउद्दीन हा उर्दूतला नावाजलेला कवी. त्याने कामगारांच्या संघटना बांधल्या, निजामाविरुद्ध भूमिगत राहून लढला. त्याचे कम्युनिस्ट मत तुम्हांला पटो न पटो, निजामाच्या बाजूचा तो नव्हता हे नक्की. उलट, निजामाच्या शेवटच्या मंत्रिमंडळात लायक अलींच्या हाताखाली उपपंतप्रधान होते ते पिंगळे वेंकटराम रेड्डी, हिंदू. तेलंगणातले कित्येक हिंदू देशमुख-जमीनदार आपल्या कुळांना दाबण्यासाठी रझाकारांचा आणि निजामाच्या पोलिसांचा आधार घेत होते. म्हणजे धर्माची रेघ मारून दोन बाजू पाडायला गेलो तर पुष्कळ माणसे भलत्याच बाजूला जातात.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा चारी बाजूंनी संस्थानात शिरल्या. सेनापती होते मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. १७ तारखेला निजामाने हार मानली, १८ ला त्याच्या फौजेने शरणागती दिली. पाच दिवसांत सारे आटोपले. दोनशे वर्षांवरचे राज्य पत्त्याच्या बंगल्यासारखे कोसळले. आपल्याकडे याला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. गावोगाव गुढ्या उभारल्या, पेढे वाटले. इथपर्यंतची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो, आणि इथेच थांबतो.

पण गोष्ट इथे थांबली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले ते पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे २९ नोव्हेंबरला हैदराबादेत आले आणि २१ डिसेंबरपर्यंत फिरले. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. त्यांच्या अहवालात म्हटले आहे की अगदी हात राखून अंदाज केला तरी पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मेली. सर्वांत जास्त झळ लागली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. यांतले दोन आपले. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. रझाकारांच्या कृत्यांना त्यात पुरेसे वजन दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अहवाल पुढे कित्येक दशके छापला गेला नाही. आकड्यांविषयी वाद आहेत आणि ते राहतील. पण आकडा तुम्ही निम्मा धरा, पाव धरा. काही केले तरी तो लहान होत नाही.

लातूरचेच घ्या. ते रझवीचे गाव, म्हणून तिथला राग जास्त. अहवाल सांगतो की तिथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. गावात सुमारे दहा हजार मुसलमान होते; हे लोक तिथे पोचले तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. वीस दिवस म्हणजे काय याचा विचार करा. पहिल्या दिवशी माणूस रागाने आंधळा झाला असे म्हणता येईल. विसाव्या दिवशी राग कसला? तोपर्यंत दुकानातला माल दिसू लागलेला असतो, शेजाऱ्याची जमीन दिसू लागलेली असते. अहवालातही लुटीचे, घरेदारे बळकावल्याचे, मशिदी विटाळल्याचे, बळजबरीने धर्म बदलल्याचे दाखले आहेत. सरहद्दीपलीकडून आलेल्या टोळ्यांचा त्यात हात होता, असे तो म्हणतो. काही ठिकाणी शिपायांनीही हात धुऊन घेतले असे सांगतो, आणि ज्या अधिकाऱ्यांनी लोकांना संरक्षण दिले त्यांचीही नोंद करतो.

या सगळ्यात रझवीचे काय झाले? त्याला पकडले, खटला चालला, शिक्षा झाली. १९५७ साली तो सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० साली वारला. लायक अली नजरकैदेत होते, ते मार्च १९५० मध्ये निसटून पाकिस्तानात गेले. आणि निजाम? २६ जानेवारी १९५० पासून ते हैदराबादचे राजप्रमुख झाले, १९५६ साली संस्थानाची वाटणी होईपर्यंत त्या पदावर राहिले. ज्यांनी खेळ मांडला त्यांना वकील मिळाला, वाट मिळाली, पद मिळाले. ज्या तांबोळ्याने, ज्या विणकराने लाल किल्ला कधी चित्रातही पाहिला नव्हता, त्याला विहिरीत ढकलण्याआधी कोणी विचारले नाही की बाबा, तू रझाकार होतास का. कित्येक गावांत खरे रझाकार तर फौज येण्याआधीच पसार झाले होते. मागे राहिला तो पळून जाण्याचे कारण नसलेला माणूस, आणि तोच हाती सापडला.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबाला रझाकारांनी मारले, मग आम्ही काय करायचे होते? राग येणारच, तो येऊ नये असे मी म्हणत नाही. पण आजोबाला मारणाऱ्याचे नाव गावात बहुधा ठाऊक असते. त्या नावावर खटला भरता येतो. नाव सोडून जातीवर गेले की ज्याने मारले तो त्या गर्दीत बेमालूम लपतो. शिवाय रझवी तरी काय सांगत होता? मुसलमान आणि रझाकार एकच, हेच त्याचे पहिले वाक्य होते. त्याच्याशी लढून, त्याला हरवून, शेवटी आपण त्याचेच वाक्य खरे मानले, म्हणजे नवलच म्हणायचे. शोएबुल्लाने तेच वाक्य खोडायला जीव दिला होता, आणि त्याला जाऊन महिनाही झाला नव्हता.

त्या अहवालात आणखी एक नोंद आहे. ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा बचाव केला, हिंदूंच्याच टोळ्यांविरुद्ध उभे राहून केला, आणि त्यापायी त्यांच्यातल्या काहींचे प्राणही गेले. एकाच हातमागावर, एकाच सुतावर पोट असणारी ही माणसे. समोर कोण आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ते रोज त्याला पाहत होते. पळवून नेलेल्या मुसलमान बायकांना शोधून परत आणण्यासही पुष्कळ हिंदूंनी मदत केली, अशी नोंद त्यात आहे. या माणसांची नावे मात्र कुठल्या स्तंभावर कोरलेली नाहीत.

तेव्हा गुरुजी, त्या पोराच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याला सांगा की रझाकार ही एका पक्षाची सशस्त्र संघटना होती. तिचा पुढारी लातूरचा एक वकील होता. ती कधी वाढली, कशी वागली आणि १९४८ च्या सप्टेंबरात कशी मोडली. गोरट्याचे सांगा, पानसऱ्यांचे सांगा, काही लपवू नका. मग शोएबुल्लाचे सांगा. मग लातूरच्या त्या वीस दिवसांचेही सांगा, जरी सांगताना आवाज अडला तरी.

आणि जमले तर मुलांना एक काम द्या. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे. अशी माणसे थोडी उरली. ज्यांच्या गावात असे कोणी असेल त्यांनी संध्याकाळी त्यांच्यापाशी बसावे, पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा, घाई करू नये, आणि विचारावे : आजोबा, आपल्या गावात कोणी कोणाला लपवले होते? कोणाच्या घरी? धान्याच्या पेवात, कडब्याच्या गंजीत, की देवळाच्या ओवरीत? जे सांगतील ते तारखेसकट वहीत उतरून घ्यावे, आणि ती वही शाळेत ठेवावी.